हात, नळ, फडकं आणि वॉटर बाथ

माझी नणंद गेली एकतीस वर्षं जंतूंना जेवू घालते. पगारी काम आहे, हौस नव्हे. एका मोठ्या संस्थेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ती मीडिया बनवते. मीडिया म्हणजे वर्तमानपत्रं नव्हेत, हे शेजाऱ्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले आहेत. त्यांतले एक गृहस्थ अजूनही तिला "टीव्हीवर कधी दिसणार?" म्हणून विचारतात. मीडिया म्हणजे जंतूंचं अन्न. पाण्यात अगर नावाची पूड, थोडं मीठ, थोडी साखर, कसले कसले अर्क घालून ते शिजवायचं, प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या यंत्रात निर्जंतुक करायचं आणि तळहाताएवढ्या झाकणाच्या बश्यांमध्ये ओतायचं. गार झालं की ते थिजतं. या बश्यांना तिथे प्लेट म्हणतात. मग संशोधक मंडळी येतात, प्लेटवर आपापले जंतू पेरतात, ते वाढले की त्यांच्यावर निबंध लिहितात. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत कधी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' असतात, कधी तेवढेही नसतात.

घरी मात्र तिच्या हातचा चहा प्यायचीही सोय नाही. साखर ती काट्यावर मोजते आणि चहा ठरावीक अंशांपर्यंत निवल्याशिवाय कप हातात देत नाही. मी कुरकुर केली की म्हणते, "वहिनी, माझ्या जंतूंनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही." मी या घरात आले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. सदतीस वर्षं आम्ही एका छपराखाली आहोत आणि त्यांतला एखादा दिवस भांडणावाचून गेला असेल तर मला आठवत नाही. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं तर "वेळ झाला नाही" म्हणते आणि माझ्या मते तेच खरं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवायची, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चित्रकलेचा उल्लेख अशासाठी, की पुढे जो घोटाळा झाला तो माझ्या कलेनेच केला.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या प्लेटवर गुलाबी ठिपके यायला लागले. काहीही न पेरलेली प्लेट कोरीच राहायला हवी. पण शंभरातल्या आठ-नऊ प्लेटवर दोन-तीन दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे गुलाबी ठिपके उठायचे. कोणाचे महिन्या-महिन्याचे प्रयोग वाया जायचे. शेवटी विभागप्रमुख खाली उतरले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चार प्लेट पाहिल्या आणि बिघाडांच्या वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कर्मचाऱ्याच्या हातांची अस्वच्छता.' खाली सही केली आणि वर निघून गेले.

मीडियाच्या खोलीत कर्मचारी एकच होती. म्हणजे खापर कोणाच्या हातांवर फुटलं ते सांगायला नको. त्या दिवसापासून तिचं हात धुणं जे सुरू झालं ते थांबेना. साबण, मग स्पिरिट, मग पुन्हा साबण. बोटांची सालं निघाली. घरी कोणाच्या ताटात वाढायला पुढे यायची नाही. माझी मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा हिने तान्ह्या बाळाला दहा दिवस लांबूनच पाहिलं. मी चिडून म्हटलं, "अगं, घे की त्याला! तुझ्या हातांना काय काटे आहेत?" तर म्हणाली, "नको, वहिनी. बाळ आहे ते." त्या सरांना एकदा गाठून चांगलं फैलावर घ्यावं असं मला फार वाटायचं. पण मी पडले बाहेरची. आमचे हे म्हणायचे, "तू गेलीस तर तिची नोकरी जाईल."

ती भांडायला गेली नाही. तिने एक वही घातली. प्रत्येक गुलाबी प्लेटची नोंद करायची. तारीख, वेळ, कोणत्या बाटलीतून ओतली, बाटलीतली कितवी प्लेट. एवढंच, पण वर्षानुवर्षं. आणि सात वर्षांनी एक दिवस ती ऑफिसातून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली. "वहिनी, बाटलीतल्या पहिल्या दोनच प्लेट बिघडतात!"

मी म्हटलं, "बरं मग?"

"मग काय? हात घाण असते तर दहावी प्लेट पण बिघडली असती ना? हात काय दोन प्लेटनंतर आपोआप स्वच्छ होतात?"

यातली मेख अशी होती. शिजवलेला मीडिया गार होऊन थिजू नये म्हणून त्याच्या बाटल्या ओतायच्या आधी कोमट पाण्याच्या एका स्टीलच्या टाकीत उभ्या ठेवतात. त्या टाकीला म्हणतात वॉटर बाथ. बाटली उचलून तिरकी केली की बाहेरून लागलेलं टाकीचं पाणी ओघळून पहिल्या एखाद-दोन प्लेटमध्ये ठिबकायचं. पुढे बाटली निथळून कोरडी व्हायची. गुलाबी मंडळींचं बिऱ्हाड त्या टाकीत होतं. तिने बाटली ओतायच्या आधी स्वच्छ फडक्याने आणि स्पिरिटने पुसायला सुरुवात केली आणि बिघाड शंभरातल्या नवांवरून एकावर आला. तिने वही नेऊन सरांपुढे ठेवली. सरांनी पानं चाळली, म्हणाले, "छान. बघा, लक्ष देऊन काम केलं की सगळंच सुधारतं." बिघाडाच्या वहीतला शेरा होता तिथेच राहिला.

या वर्षी त्यांच्या संस्थेत मोठी परिषद भरायची होती आणि सूचनाफलकावर लागलं की तांत्रिक कर्मचाऱ्यांनाही पोस्टर लावता येईल. पोस्टर म्हणजे काय हे मला तेव्हाच कळलं. वर्षभराचं संशोधन चार फूट बाय तीन फुटांच्या एका कागदावर मांडायचं, तो बोर्डाला पिनांनी लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. लोक चहाचे कप घेऊन फिरतात, आवडलं तर थांबतात, प्रश्न विचारतात, नाही आवडलं तर तोंडदेखलं हसून पुढे सरकतात. नणंदेने अर्ज केला आणि तो मंजूर झाला. त्या दिवशी ती मला म्हणाली, "वहिनी, मला फक्त एवढंच दाखवायचंय की हात नव्हते." मला भरून आलं. पण तिच्यासमोर रडायची मला सवय नाही, म्हणून मी म्हटलं, "अक्षरं मोठी ठेव, नाहीतर कोणी वाचणार नाही."

पोस्टर आमच्या जेवणाच्या टेबलावर तयार झालं. मजकूर तिचा, मांडणी माझी. तिने पहिला मजकूर आणला तो लग्नाच्या यादीपेक्षा लांब होता. मी निम्मा कापला. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी कापलेल्यातलं निम्मं परत घेऊन आली. पुराव्यासाठी तिने मुद्दाम एक प्लेट केली होती. प्लेटचे चार भाग करून एकात वॉटर बाथच्या पाण्याचा थेंब, एकात स्वतःची बोटं टेकवली, एकात पुसायचं फडकं, एकात नळाचं पाणी. वॉटर बाथच्या भागात गुलाबी ठिपक्यांची नुसती गर्दी झाली होती. हातांच्या भागात थोडे पांढरे, थोडे पिवळे ठिपके, जे तुमच्या-माझ्या कोणाच्याही हाताचे येतील. गुलाबी एकही नाही. तिने झाकण काढून वरून फोटो घेतला, मला दिला आणि कोणत्या भागात काय ते दाखवणारी आपल्या वहीतली आकृती समोर ठेवली. मी आकृतीबरहुकूम त्या फोटोवर चार नावं टाकली. फोटोत काही पुसट वेड्यावाकड्या रेघा दिसत होत्या. मला ते डाग वाटले. निवृत्त शिक्षिकेचा हात, कागदावर डाग राहू देईल का? मी ते कॉम्प्युटरवर सफाईने पुसले आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. तिच्या फोनमधला फोटो तर तिने मला पाठवताक्षणी काढून टाकला होता, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून.

घरच्या प्रिंटरची रंगीत शाई सुकली होती. तपासायला म्हणून काळी-पांढरी प्रत काढली. त्यात सगळे ठिपके सारखेच करडे. तिने ती प्रत भिंग लावून तपासली, दोन ठिकाणी अनुस्वार सुधारले आणि फाइल छापायला पाठवली. दुकानदाराने पोस्टर नळकांड्यात गुंडाळून दिलं आणि बजावलं, "उद्या लावतानाच उघडा, शाई ओली आहे." आम्ही आज्ञाधारकपणे उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात आम्ही दोघी. ती नव्या कपड्यांत आणि मी तिची हमाल म्हणून नळकांडं काखेत धरून. बोर्डांच्या रांगाच रांगा होत्या. आमचा बोर्ड दाराजवळ होता आणि पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडत होता. आठ पिना लागल्या. मी दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि माझ्या मांडणीवर मीच खूश झाले. नणंद मात्र फोटोला नाक लावून उभी होती.

"वहिनी, गुलाबी कुठे आहे?"

"हे काय, वर उजवीकडे. किती खुलून आलंय बघ."

"आणि तिथे लिहिलंय काय?"

मी वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'हात'.

वॉटर बाथच्या नावाखाली चार साधेसुधे पांढरे-पिवळे ठिपके, आणि 'हात' या माझ्या सुबक अक्षरांखाली गुलाबी ठिपक्यांची जत्रा. अकरा वर्षं ज्या आरोपाने तिला पोखरलं, तो मी चार फूट बाय तीन फुटांत रंगीत छापून दाराशी टांगला होता.

कसं झालं ते तिला तिथल्या तिथे कळलं. प्लेट उबदार कपाटात नेहमी पालथ्या ठेवतात, झाकणावर जमलेलं पाणी जंतूंवर पडू नये म्हणून. नावंही तळावर लिहितात, कारण झाकणांची अदलाबदल होऊ शकते, तळाची नाही. एकतीस वर्षं ती प्लेटकडे तळाकडून बघत आली. वहीतली आकृती तळाकडून काढलेली. फोटो मात्र झाकणाकडून, आणि नावं टाकताना माझं सगळं लक्ष अक्षरांकडे, रंगांकडे नाही. लिहिलेला कागद मागून उजेडात धरला की डावं उजवीकडे जातं, तसंच झालं होतं. आणि मी पुसलेले ते डाग म्हणजे तिने तळावर लिहिलेले आकडे होते, वरून उलटे दिसणारे. मूळ प्लेट केव्हाच टाकून दिलेली, म्हणजे हे सगळं लगेच दाखवून देईल असा पुरावा तेवढाच होता आणि तो मी सफाईने नष्ट केला होता.

"काढ ते खाली," मी म्हटलं. "दुखणं आलं म्हणून सांगू. मला आलंय म्हणून सांग. मला खरंच येतंय."

"काढायचं कशाला?" ती म्हणाली. तिने पर्समधून जाड काळा मार्कर काढला.

"मग त्यावर कागद चिकटवू या. मी सुंदर अक्षरात लिहून देते, कोणाला कळणारसुद्धा नाही."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी तिला चोरी करायला सांगितली होती. "लॅबच्या वहीत चूक झाकायची नसते, वहिनी. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख." आणि तिने तसंच केलं. माझ्या नीटस छापील नावांवर चार आडव्या रेघा, शेजारी तिचं ते कोंबड्याच्या पायांसारखं अक्षर, चार सह्या, चार तारखा. खाली एक ओळ: 'फोटो वरून, आकृती खालून. चूक आमची.' 'आमची' वाचून माझा जीव थोडा भांड्यात पडला. तिने 'वहिनीची' लिहिलं असतं तरी मी काय बोलणार होते?

दारं उघडली आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त गर्दी आमच्याकडे. गुळगुळीत, चकचकीत पोस्टरांच्या रांगेत हे एकच खाडाखोड केलेलं. लोक थांबायचे, 'फोटो वरून, आकृती खालून' वाचायचे आणि हसायचे. प्रत्येकाची स्वतःची एक गोष्ट होती. कोणाची आठवड्याभराची मेहनत अशीच उलटी मोजली गेली होती, कोणी आपल्या गुरूंची गोष्ट सांगत होतं. परीक्षक म्हणून आलेल्या एक पाहुण्या बाई तर खुर्ची ओढून बसल्याच. त्यांनी नोंदींचा तक्ता दोनदा वाचला. नणंद त्यांना पहिल्या दोन प्लेटचं रहस्य सांगत होती, हात हलवून, डोळे मोठे करून. मी तिला इतकं बोलताना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग सर आले. चष्मा कपाळावर. त्यांनी पोस्टर शांतपणे वाचलं, मारलेल्या रेघांपाशी थांबले आणि सौम्यपणे म्हणाले, "मीडियाताई, तळ आणि झाकणाचं मला पटतं. होऊ शकतं. पण नुसत्या फोटोवरून कोणती बाजू ते सांगता येत नाही. छापलं होतं त्याप्रमाणे गुलाबी तुमच्या हातांवर होतं. रेघ मारल्यावर ते पाण्यात गेलं. ही दुरुस्ती तुमच्या सोयीची आहे, एवढंच म्हणतोय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो सर," मी म्हटलं, "नावं मी घातलीत. डाग मी पुसलेत. चित्रकलेची शिक्षिका आहे मी, जंतूंमधलं मला ओ की ठो कळत नाही. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा!"

"मी कुणावरच ओरडत नाहीये," सर म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

नणंदेने माझं कोपर दाबलं. "सर, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. थांबा, मी आले." आणि जिन्याने वर गेली. पाच मिनिटांत परत आली ती एक कोरी प्लेट, दोन निर्जंतुक नळ्यांत पाणी आणि मार्कर घेऊन. एका नळीत नळाचं पाणी होतं. दुसरीत दुसऱ्या मजल्यावरच्या वॉटर बाथचं, जिथे अजून कोणी बाटल्या पुसत नाही. प्लेटचे चार भाग तिने आखले. तळावर नावं लिहिली आणि झाकणावरही लिहिली, आणि तळाच्या कडेवर एक खूण केली. मी हात पाठीमागे बांधून चार फूट लांब उभी राहिले.

एका भागात नळाचा थेंब, एका भागात वॉटर बाथचा. तिसऱ्यात तिने आपली तीन बोटं टेकवली. न धुता, सकाळपासून पिना टोचलेली, लोकांशी हस्तांदोलन केलेली बोटं. मग प्लेट पुढे करून म्हणाली, "सर, जरा हात द्या."

"माझा?"

"चौथा भाग रिकामा आहे."

हशा पिकला. सर क्षणभर गोंधळले, मग तेही हसले आणि त्यांनी तीन बोटं टेकवली. पाहुण्या बाईंनी प्लेटभोवती चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर स्वतःची सही केली. अठ्ठेचाळीस तासांनी, परिषदेच्या शेवटच्या दिवशी अकरा वाजता उघडायची असं ठरलं.

दुसरा दिवस मजेत गेला. आमचं पोस्टर बघायला माणसं मुद्दाम येत होती. 'खाडाखोडीचं पोस्टर कुठे आहे?' असं विचारत एक म्हातारे प्राध्यापक तर चुकून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन आले. दुपारी आम्ही दोघी मागच्या जिन्यावर बसून डबा खात होतो. नणंद दोन घास खाऊन थांबली.

"वहिनी, खरंच माझ्याच हातांत निघालं तर?"

मी तिच्याकडे पाहिलं. वही तिची, आकडे तिचे, सात वर्षांची शोधाशोध तिची, आणि तरी सरांच्या त्या एका ओळीने हिच्या आत घर केलं होतं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की भांडायलाही सुचेना. मी तिचा हात धरला. मऊ नव्हताच तो, स्पिरिटने खरखरीत झालेला. म्हटलं, "निघालं तर निघालं. मग दोघी मिळून अजून एक रेघ मारू. पण निघायचं नाही."

"तुला काय माहीत? तुला जंतूंमधलं ओ की ठो कळत नाही."

"तुझ्यातलं कळतं ना."

ती हसली आणि उरलेला डबा संपवला. माझ्याही डब्यातलं अर्धं तिनेच खाल्लं.

तिसऱ्या दिवशी अकराला पाहुण्या बाई हजर होत्या, चिकटपट्टीवरची सही त्यांनी ओळखली आणि प्लेट उघडली. सर तेवढे कुठल्याशा बैठकीत अडकले होते. मी डोळे मिटून घेतले होते. लोक 'अरे वा' म्हणाले तेव्हा उघडले. वॉटर बाथचा भाग गुलाबी ठिपक्यांनी गच्च भरला होता. नळाचा जवळजवळ कोरा. आणि दोन हातांच्या दोन भागांत पांढरे-पिवळे ठिपके, इकडे नऊ, तिकडे अकरा. नावं झाकली असती तर सरांचा हात कोणता आणि नणंदेचा कोणता हे कोणाच्या बापाला ओळखता आलं नसतं. या वेळी प्लेट वरून बघितली, खालून बघितली, उजेडात धरून बघितली. गुलाबी जिथल्या तिथेच राहिलं.

नणंदेने प्लेट नुसती एकदा पाहिली. मग एक मोठा श्वास सोडला, जो ती बहुधा अकरा वर्षं धरून होती. लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते. मी रडत होते आणि ते पंख्याच्या वाऱ्यामुळे आहे असं सगळ्यांना सांगत होते.

या गडबडीत ती माझ्या शेजारून कधी नाहीशी झाली ते मला कळलं नाही. तेवढ्यात सर आले, बैठकीतून घाईघाईने, चष्मा आज डोळ्यांवर. त्यांनी प्लेट हातात घेतली, आधी तळाकडून पाहिली, मग झाकणाकडून. मग आमचं पोस्टर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आणि सगळ्यांसमोर, आवाज जराही न लपवता म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी मी वहीत एक कारण लिहिलं होतं. तपासून पाहिलं नव्हतं. चूक माझी आहे. मीडियाताई कुठे आहेत? मला त्यांची माफी मागायची आहे."

हे शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते, तर तिचे किती आसुसले असतील! आणि ही बया नेमकी आत्ता गायब! मी रांगांमधून पळत सुटले. चहाच्या टेबलापाशी नव्हती, जिन्यावर नव्हती. शेवटी सभागृहाच्या अगदी टोकाला खिडकीखाली सापडली. तिच्यासमोर फिकट निळ्या कोटातली एक बाई बसली होती, तिच्याच वयाची. दुसऱ्या कुठल्या तरी इस्पितळातून आपल्या मॅडमचं पोस्टर लावायला आली होती. तीही तिकडे प्लेटच ओतायची. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. बोटांची सालं निघालेली, चिरा पडलेल्या, कोपऱ्यांत रक्त साकळलेलं.

"आमच्याकडे पण गुलाबीच येतं हो," ती हळू आवाजात सांगत होती. "मला रोज म्हणतात, हात नीट धू. किती धुऊ? मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी आहे."

नणंद आपल्या मांडीवर वही उघडून बाटलीचं चित्र काढत होती. टाकी, बाटली, ओघळ, थेंब.

"अगं, चल लवकर!" मी धापा टाकत म्हटलं. "सर आलेत! सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी. तुझी माफी मागायला उभे आहेत तिकडे!"

तिने वर पाहिलं. तिचा चेहरा एकदम उजळला, ते मी पाहिलं, त्यात शंका नाही. पण तिच्या हातातली पेन्सिल बाटलीच्या मानेपाशी टेकलेली होती आणि ती तिथून हलली नाही.

"सरांना म्हणावं, बसा जरा," ती म्हणाली. "हिचं अजून अर्धंच झालंय."

मी परत गेले आणि सरांना शब्दन् शब्द तसाच सांगितला. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, आमच्या पोस्टरसमोरची खुर्ची ओढली आणि बसले.